मगरीबची वेळ आणि अब्बांची पाळी

माझे सासरे माळेगाव कारखान्यात मिलवर होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, सांगितला. आम्ही माळेगाव बुद्रुकचे. गळीत हंगामात भोंगा घरात ऐकू येतो. दुपारपर्यंत अब्बा शांत असतात. असर झाली की येरझाऱ्या सुरू, आणि मगरीबच्या अजानपर्यंत आवाज चढलेला. "डबा कुठाय? पाळी चुकंल माझी!"

"अहो, रिटायर होऊन जमाना झाला," अम्मी म्हणायच्या. मग काठी उगारली जायची. ज्या माणसानं घरात कधी आवाज चढवला नाही, त्यानं.

या आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढणं नेहमीचं आहे. दिवसभराचा थकवा, कमी होणारा उजेड, भिंतीवर हलणाऱ्या सावल्या, स्वयंपाकघरातली गडबड. पण भडका अचानक उडत नाही, आधी खुणा दिसतात. अब्बा पायजम्याची नाडी चाचपतात, दाराची कडी हलवतात, एकच प्रश्न दहादा विचारतात. महिनाभर मी वहीत वेळ आणि त्याआधी काय घडलं ते लिहिलं, तेव्हा उमगलं की नाडी चाचपली म्हणजे लघवीला जायचंय. ते सांगता येत नाही, म्हणून चिडचिड. कधी बद्धकोष्ठ, कधी गुडघेदुखी, कधी नुसती तहान.

आता असरनंतरच सगळे दिवे लावतो, टीव्ही बंद करतो. समोरून जाऊन, नजरेला नजर देऊन, एका वेळी एकच गोष्ट बोलतो. डब्याचा विषय निघाला की वाद नाही. खोटं बोलायचं का, हा अम्मींचा प्रश्न रास्त होता. मी खोटं बोलत नाही, विचारते, "अब्बा, मिलवर जोडीला कोण असायचं?" बोलता बोलता चहा होतो. मग नातू त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणतो. जोहरची नमाज तीनदा पढले तर पढू देतो. रोज्याचं मात्र ऐकत नाही. मधुमेह आहे, आणि ज्याचं भान हरपलंय त्याच्यावर रोजा नाही, हे उलेमाही सांगतात.

एक चूक मात्र आमची झाली. गेल्या पावसाळ्यात एका रात्रीत ते ओळखेनासे झाले, हवेत काहीतरी पकडू लागले. नजर लागली म्हणून दोन दिवस ताविजात गेले. निघाला लघवीचा जंतुसंसर्ग. औषधांनी आठवड्यात उतार पडला. एक-दोन दिवसांत असा बदल झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेही असतील तर आधी साखर तपासा.

शेजारणीनं झोपेची गोळी सुचवली होती. मनानं देऊ नका. अशा गोळ्यांनी म्हातारी माणसं पडतात, आणि मन शांत करणाऱ्या काही औषधांनी या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. डॉक्टरांनी दिलीच, तर किती दिवस द्यायची तेही विचारून घ्या.

ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, मानसिक आरोग्यासाठी १४४१६. दुसरा नंबर मी अम्मींसाठी लावला होता. रात्री दोनला उठणाऱ्या माणसामागे त्याही उठतात, हे आम्हा सगळ्यांच्याच लक्षात उशिरा आलं. आता शुक्रवारची आणि शनिवारची रात्र माझे यजमान अब्बांच्या खोलीत झोपतात.