डोळे दिपवणारा उजेड कुणाच्या कामाचा?

आपल्याकडे सध्या उजेडाची चढाओढ लागली आहे. एकाने घरावर पन्नास वॅटचा फ्लड लाइट लावला की समोरचा शंभर वॅटचा लावतो. लग्नाच्या लॉन्सवरून लेझरचे हिरवे पट्टे थेट आभाळात जातात. रमजान असो, ईद-ए-मिलाद असो, गणपती असो की नवरात्र, कुणाची रोषणाई जास्त लांबून दिसते यावर भक्तीचे माप ठरते. या सगळ्याला आपण 'विकास' म्हणतो आणि गप्प बसतो. मी गप्प बसणार नाही. मला हा उजेड कमी आणि दिखावा जास्त वाटतो. ज्याला अंगणात, गोठ्यापाशी, मशिदीच्या वजूखान्याकडे किंवा मंदिराच्या पायऱ्यांवर खरोखर उजेड हवा आहे, त्याला तो घरच्या भंगारातून, स्वतःच्या हाताने करता येतो. मंद, खाली पडणारा आणि पुरेसा.

आधी हिशेब करू. शंभर वॅटचा फ्लड लाइट संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत, म्हणजे ११ तास जळाला तर रोज १.१ युनिट आणि वर्षाला जवळपास ४०० युनिट वीज जाते. त्याच ११ तासांसाठी पाच वॅटचा बल्ब वर्षाला २० युनिट घेतो. म्हणजे वीसपट फरक. त्या शंभर वॅटमधला बराच प्रकाश भिंतीवर, शेजाऱ्याच्या खिडकीत आणि आकाशात जातो. माझ्या ओळखीच्या एका घरात शेजारच्या दिव्यामुळे रात्रभर पडदा ओढून, उकाड्यात झोपावे लागते. बोलायचे तर भांडण होते. आवाजाचा त्रास आपण निदान त्रास मानतो. उजेडाचा त्रास मात्र अजून कुणी त्रास मानायलाच तयार नाही.

यावर नेहमी एकच उत्तर येते: "बाईमाणसांच्या सुरक्षेसाठी हवा ना उजेड!" मी स्वतः बाई आहे, अंधार पडल्यावर नामपूरच्या रस्त्यांवरून चालते, म्हणून या उत्तराला उत्तर देण्याचा मला हक्क आहे. समोरून डोळ्यांत घुसणाऱ्या दिव्याने माणूस सुरक्षित होत नाही, आंधळा होतो. रात्री समोरच्या गाडीने अप्पर मारला की आपल्याला रस्ता दिसतो का? तसेच इथे. बाहुली आकुंचन पावते, दिव्याच्या कडेची सावली अधिक काळी होते आणि त्या सावलीत कोण उभे आहे ते दिसत नाही. मला पायाखालचा खड्डा दिसायला हवा, साप दिसायला हवा, समोरच्याचा चेहरा दिसायला हवा. त्यासाठी उजेड जमिनीवर हवा आणि बल्ब माझ्या डोळ्यांआड हवा. बागलाणात बिबट्याची भीती खरी आहे, हेही मान्य. पण गोठ्याभोवती चार ठिकाणी लावलेले चार मंद दिवे एका प्रखर दिव्यापेक्षा जास्त दाखवतात, कारण सावली एका बाजूला साचत नाही.

शेतकऱ्यांना तर हे मी शिकवायलाच नको. डाळिंबावर, भाजीपाल्यावर पतंग येतात म्हणून ते स्वतः प्रकाश सापळा लावतात. किडे उजेडाकडे ओढले जातात, हे त्यांना पाठ आहे. मग शेतातल्या घरावर पांढराशुभ्र, निळसर झाक असलेला दिवा रात्रभर जळतो तेव्हा तो काय करतो? तोही सापळाच. फक्त किडे गोळा होतात ते बागेच्या आणि घराच्या तोंडाशी. निळसर प्रकाश किड्यांना जास्त खेचतो आणि माणसाची झोपही जास्त मोडतो. पिवळसर बल्बने हे दोन्ही कमी होते. खोक्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलेले असते तो पिवळसर, ६५०० के लिहिलेला असतो तो पांढरा. दुकानात मागताना एवढे एक वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत.

आता आपल्या समाजाशी थोडे रोखठोक. आपल्याकडे इसराफ, म्हणजे उधळपट्टी, निषिद्ध आहे. तकरीरमध्ये हे आपण जेवणाबद्दल आणि लग्नाच्या खर्चाबद्दल ऐकतो, विजेबद्दल ऐकत नाही. झोपण्यापूर्वी दिवे विझवावेत, ही प्रेषितांची (स.) शिकवण हदीसमध्ये आहे. उंदीर वात ओढून नेईल आणि घर पेटेल, असे त्याचे कारणही दिले आहे. आज वात नाही, उंदीर वायर कुरतडतो. गरज संपली की दिवा विझवावा, हा धडा मात्र जुना झालेला नाही. आपला महिनाच चंद्र पाहून सुरू होतो. एकोणतिसाव्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन पश्चिमेला ती बारीक कोर शोधायची आणि समोरून फ्लड लाइट डोळ्यांत! मग सगळे मोबाईलवर मालेगाव-मुंबईचा निरोप येण्याची वाट बघत बसतात.

उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगते की जगाच्या तारानकाशावरची कितीतरी नावे अरबी आहेत. आपली रोहिणी म्हणजे अद-दबरान, श्रवण म्हणजे अत-ताइर. अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी दहाव्या शतकात, दुर्बीण नसताना, देवयानी दीर्घिकेची नोंद 'छोटा ढग' म्हणून केली. हीच नक्षत्रे बघून आपल्या शेतकऱ्याने मृगाची पेरणी केली. हा वारसा दोन्हीकडचा आहे, आणि आपण दोन्हीकडचे लोक मिळून तो पुसत आहोत.

हे परत मिळवता येते. आपल्याच राज्यात, नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी गावे अंधारात ढकलली नाहीत. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले दिवे बसवले. लोक तिथे राहतात, ये-जा करतात. फक्त त्यांचा उजेड आता आकाशात जात नाही.

पेंचला सरकार होते. आपल्या अंगणात आपणच आहोत. म्हणून साधी कृती सांगते. ऑइलपेंटचा एक लिटरचा रिकामा गोल डबा घ्या. धुऊन, आतून पांढरा आणि बाहेरून उरलेला कुठलाही गडद रंग द्या. कापलेली कडा कानसीने घासा, नाहीतर हात कापेल. डबा उलटा टांगायचा, तोंड जमिनीकडे. बल्ब कडेपासून चार बोटे आत राहिला पाहिजे. उभे राहून बाजूने पाहिले तर उजेड दिसावा, बल्ब दिसू नये, हीच परीक्षा. नक्षी हवी असेल तर डब्यात ओली वाळू ठासून भरा आणि खिळ्याने भोके पाडा, पत्रा चेपत नाही. वायर ठिबकच्या जुन्या नळीतून न्या. खांबाला फुटका पीव्हीसी पाइप चालतो.

घरची २३० व्होल्टची वीज पत्र्याच्या डब्यात न्यायची असेल तर ते काम वायरमनकडूनच, अर्थिंगसह करून घ्या. मुलांच्या हाती द्यायचे ते १२ व्होल्टचे काम. फवारणीच्या बॅटरी पंपातली जुनी बॅटरी आपल्याकडे घरोघरी पडलेली असते. त्यावर साधारण १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर असे छापलेले असते. तिची ताकद निम्मी उरली असली तरी तीन वॅटचा बल्ब आठ तास चालतो. दहा वॅटची सोलर प्लेट, एक चार्ज कंट्रोलर आणि बॅटरीजवळ फ्यूज एवढे विकत घ्यावे लागते. बॅटरी पूर्ण मेली की ती उघडायची नाही, उकिरड्यावर टाकायची नाही, दुकानदाराला परत द्यायची.

"ऑनलाइन शेदोनशेला सोलर दिवा मिळतो, हा खटाटोप कशाला?" असे विचारणारे असतात. तो दिवा बिघडला की उघडता येत नाही, त्यातली बॅटरी बदलता येत नाही, आणि तो कचऱ्यात जातो. डब्यातला बल्ब गेला तर आठवीतली मुलगी तो बदलते. ज्या मुलीने एक दिवा स्वतः केला, तिला वॅट आणि व्होल्ट यांतला फरक फळ्यावर शिकवावा लागत नाही.

राहिला तो "लोक काय म्हणतील" हा प्रश्न. डब्याचा दिवा म्हणजे गरिबी, असे मनात बसले आहे. कैरोमध्ये रमजानला घरोघरी लागणारे फानूस कारागीर वर्षानुवर्षे जुन्या पत्र्याचे आणि रंगीत काचेचे करत आले आहेत, आणि जगभरचे लोक ते कौतुकाने विकत नेतात. आपला 'कंदील' शब्दही अरबीतून आला आणि दिवाळीचा आकाशकंदील झाला. पत्रा आणि कंदील या दोन्हींची लाज वाटण्याचे काही कारण नाही.

म्हणून माझी मागणी मशिदीच्या कमिटीकडे, मंडळांकडे आणि लॉन्सवाल्यांकडे आहे. मिनार आणि शिखरे रात्री दहानंतर विझवा. आकाशाकडे तोंड असलेला एकही दिवा ठेवू नका. आणि यंदा रोषणाईच्या वर्गणीतले थोडे पैसे शाळेला द्या, पोरे तुम्हाला पायऱ्यांसाठी डब्यांचे दिवे करून देतील. बाकीच्यांनी आज रात्री आपल्याच दाराबाहेर उभे राहून एवढे बघा: आपला दिवा जमिनीवर पडतो की शेजाऱ्याच्या डोळ्यांत?