माउस कचेरीचा, मनगट मात्र आपले

संगणकावर आठ-आठ तास राबणाऱ्याचे मनगट दुखू लागले की आपल्याकडे तीन सल्ले ठरलेले: व्यायाम करा, मलम लावा, सवय होईल. ज्या उपकरणाने हात दिवसभर राबवला, त्याची चौकशी कोणीच करत नाही. माउस म्हणजे जणू निसर्गनियम!

तो निसर्गनियम नव्हे. डग्लस एंगलबार्ट यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले ते १९६८ साली. त्याच्या दोन दशके आधी, १९४६ मध्ये, ब्रिटिश नौदलाच्या रडार-यंत्रणेसाठी राल्फ बेंजामिन यांनी चेंडू फिरवून पडद्यावरील खूण हलवण्याची युक्ती काढली होती. पुढे कॅनडाच्या नौदलाच्या प्रकल्पात याच कामी चक्क बोलिंगचा चेंडू वापरला गेला. ट्रॅकबॉल ही हौशी मंडळींची नवी चैन नसून माउसचा थोरला भाऊ आहे. सोनोग्राफीच्या अनेक यंत्रांवर आजही डॉक्टरांच्या बोटांखाली तोच फिरतो.

दोहोंतील भेद साधा आहे. माउस सरकवताना मनगट, कोपर, प्रसंगी खांदाही हलतो. ट्रॅकबॉल जागीच राहतो, फिरतो तो फक्त चेंडू. मात्र तो रामबाणही नव्हे. अंगठ्याने फिरवायच्या प्रकारात ताण अंगठ्यावर येतो आणि हात बसायला काही दिवस जातात. दुखणे बरे करण्याची हमी देणारी जाहिरात ही विक्रीकला आहे, विज्ञान नव्हे.

परंतु 'सर्वांना मानवत नाही' हे 'कोणालाच देऊ नये' याचे कारण कसे होईल? एकाच नंबरचा चष्मा साऱ्या कचेरीला वाटण्याचा मूर्खपणा आपण करत नाही. मग एकाच घडणीचा माउस का वाटतो?

मुळाशी अनास्था आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक रोगांच्या यादीत, मनगटाच्या अवघडलेल्या ठेवणीतून व सततच्या जोरकस श्रमातून उद्भवणारा कार्पल टनेल सिंड्रोम नावानिशी आहे. आपल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेले २९ आजार आहेत. त्यांत शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे. मनगटाचे दुखणे नाही. जे कळवायचेच नाही ते मोजले जात नाही. आणि जे मोजले जात नाही, त्यासाठी खरेदी विभागाची तिजोरी उघडत नाही.

म्हणून मागण्या दोनच. स्नायू व सांध्यांचे कामातून जडणारे विकार त्या अनुसूचीत घाला, आणि माउस की ट्रॅकबॉल ही निवड ज्याचा हात राबतो त्याच्यावर सोपवा. माहिती-तंत्रज्ञानाच्या निर्यातीचा अभिमान मिरवणाऱ्या देशाला, ती निर्यात ज्या मनगटांवर उभी आहे त्यांची एवढी तरी चाड असायला हवी.