निर्वासित तिबेटी मुलांच्या शाळेचा खर्च कोण उचलतं? देणगीची वाट आता बदलतेय

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशांना दिली जाणारी मदत ९० दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला. त्याचा फटका हिमाचल प्रदेशातल्या धरमशालेपर्यंत पोहोचला. तिबेटी निर्वासितांच्या काही कार्यक्रमांना अमेरिकी सरकारचा निधी मिळत होता, तो अडकला. जुलै २०२५ मध्ये त्यातले ६८ लाख डॉलर पुन्हा मिळणार असल्याचं निर्वासित प्रशासनाचे प्रमुख, म्हणजे सिक्योंग, पेन्पा त्सेरिंग यांनी जाहीर केलं.

सरकारी मदत एका सहीने बंद होऊ शकते, हे या सहा महिन्यांत सगळ्यांना दिसलं. तरीही तिबेटी शाळांना टाळं लागलं नाही. याचं एक कारण म्हणजे या शाळांचा बराच भार गेली साठेक वर्षं दुसऱ्याच पैशावर चालत आला आहे. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात राहणारी एखादी व्यक्ती एका मुलाचा जेवणाचा, कपड्यांचा, औषधांचा आणि शाळेचा खर्च दरमहा पाठवते. याला प्रायोजकत्व किंवा सोप्या भाषेत 'मूल दत्तक न घेता त्याचा खर्च उचलणं' म्हणतात.

पूर्वी हे पैसे बहुतेक करून युरोप-अमेरिकेतल्या अनोळखी देणगीदारांकडून यायचे. आता या शाळांमध्ये शिकून परदेशात गेलेले तिबेटीही ते पाठवू लागले आहेत. ही गोष्ट ऐकायला छान वाटते. पण तिच्या पोटात एक पेच आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

सुरुवात ५१ मुलांपासून

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून निघाले आणि महिनाअखेरीस भारतात पोहोचले. त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. त्यातल्या अनेकांना हिमालयात रस्ते बांधण्याच्या कामावर लावण्यात आलं. आईबाप दिवसभर दगड फोडायचे आणि मुलं रस्त्याकडेच्या तंबूंत राहायची. थंडी, अपुरं अन्न आणि आजारपण यामुळे मुलांचे हाल झाले.

१७ मे १९६० रोजी जम्मूतल्या अशाच छावण्यांमधून ५१ मुलं धरमशालेत आणली गेली. दलाई लामांच्या थोरल्या बहीण त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांची जबाबदारी घेतली. १९६४ मध्ये त्यांचं निधन झाल्यावर धाकट्या बहीण जेत्सुन पेमा यांनी काम हाती घेतलं आणि २००६ पर्यंत सांभाळलं. या पाळणाघरातूनच पुढे 'तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज' ही संस्था उभी राहिली. मसुरीत १९६२ मध्ये 'तिबेटन होम्स फाउंडेशन' सुरू झालं.

त्याच सुमारास पंडित नेहरूंच्या सरकारने तिबेटी मुलांसाठी वेगळ्या शाळा काढायला मान्यता दिली. १९६१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा तयार झाली. म्हणजे पहिल्यापासून दोन आधार होते. एकीकडे भारत सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या शाळा आणि दुसरीकडे देणगीवर चालणारी निवासी संकुलं.

मुलांना परदेशी न्यायचं की पैसे इकडे आणायचे?

आज हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण १९६०च्या दशकात तो विचारला गेला होता. स्वित्झर्लंडमध्ये एका उद्योगपतीच्या पुढाकाराने दीडशेच्या आसपास तिबेटी मुलं स्विस कुटुंबांत वाढवण्यासाठी पाठवण्यात आली. हेतू चांगला होता. मुलांना उत्तम शिक्षण मिळेल आणि पुढे ती आपल्या समाजाच्या कामी येतील, असा विचार त्यामागे होता.

पण यातल्या अनेक मुलांचे आईवडील हयात होते. मुलं मोठी झाली ती स्विस भाषा, स्विस सवयी घेऊन. वर्षांनी आई भेटली तेव्हा दोघांना जोडणारी भाषाच उरली नव्हती, अशी उदाहरणं नंतर माहितीपटांतून आणि वर्तमानपत्रांतून समोर आली. स्वित्झर्लंडमध्ये यावर बरीच चर्चाही झाली.

प्रायोजकत्वाची पद्धत याच्या उलट आहे. मूल आपल्या लोकांत राहतं आणि पैसा प्रवास करतो. धरमशालेतल्या संकुलात वेगवेगळ्या वयाची मुलं एका घरात राहतात. त्या घराची एक आई असते, तिला 'आमा-ला' म्हणतात. मोठी मुलं धाकट्यांना सांभाळतात, स्वयंपाकात हात लावतात. प्राथमिक वर्गांत तिबेटी भाषेतून शिकवलं जातं, पुढे सीबीएसईचा अभ्यासक्रम असतो.

आईवडील असूनही वसतिगृह का लागतं?

याचं उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या शहरात हिवाळ्यात मिळू शकतं. दिवाळीच्या सुमारास तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. हा माल बराचसा लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवर उचललेला असतो. तीन-चार महिने घरापासून दूर राहून तो विकायचा, उधारी फेडायची आणि उरलेल्या पैशात वर्ष काढायचं. एखाद्या वर्षी थंडी पडलीच नाही, तर नफा जातो आणि उधारी मात्र तशीच राहते.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. १९७२ मध्ये ती वसली तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. भातशेती हा तिथला आधार, पण पावसावरच्या शेतीत भागत नाही हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. अशा घरातल्या मुलासाठी निवासी शाळा ही चैन नसते, वर्षातले काही महिने तर ती गरजच असते.

दुसरा मोठा गट थेट तिबेटमधून आलेल्या मुलांचा. १९८०च्या दशकापासून अनेक आईबापांनी आपली मुलं वाटाड्यांच्या हाती सोपवून हिमालयापलीकडे पाठवली. साडेपाच हजार मीटरपेक्षा उंच असलेल्या नांगपा ला खिंडीतून ती नेपाळमध्ये उतरायची. मुलाला तिबेटी भाषेत शिकता यावं, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. अशा मुलांचा खर्च आईबाप उचलू शकत नव्हते. कित्येकदा त्यांच्याशी साधं बोलणंही शक्य नसायचं.

एका मुलाच्या नावाने आलेले पैसे जातात कुठे?

देणगीदाराला मुलाचा फोटो मिळतो, नाव कळतं, वर्षातून एक-दोनदा पत्र येतं. त्यामुळे पैसे थेट त्या मुलाच्या हातात जातात असा समज होतो. नीट चालणाऱ्या संस्थांमध्ये तसं होत नाही आणि होऊही नये. एकाच घरात एका मुलाला श्रीमंत प्रायोजक मिळाला आणि दुसऱ्याला कुणीच नाही, तर दोघांच्या ताटात फरक पडता कामा नये. म्हणून रक्कम घर, शाळा, दवाखाना अशा सामायिक खर्चाला लागते.

या पद्धतीचा उपयोग होतो का? अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. तो निर्वासितांबद्दल नव्हता, एका मोठ्या जागतिक प्रायोजकत्व कार्यक्रमाबद्दल होता. प्रायोजित मुलं इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली, असं त्यात दिसलं. मोठेपणी त्यांना पगारी नोकरी मिळण्याचं प्रमाणही जास्त होतं.

दुसरी बाजूही आहे. १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या पत्रकारांनी स्वतः वेगवेगळ्या संस्थांमार्फत मुलं प्रायोजित केली आणि नंतर त्यांना शोधायला गेले. काही मुलांपर्यंत फारच थोडं पोहोचलं होतं. एका प्रकरणात तर मूल दगावल्यानंतरही पैसे घेणं सुरू होतं. त्या बातम्यांनंतर अमेरिकेतल्या अनेक संस्थांना आपली पद्धत सुधारावी लागली.

प्रायोजित होते, आता प्रायोजक झाले

१९९०च्या अमेरिकी कायद्यात भारत-नेपाळमधल्या १,००० तिबेटींना व्हिसा देण्याची तरतूद झाली. ते गेले, मग त्यांची कुटुंबं गेली. पुढे कॅनडाने अरुणाचल प्रदेशातल्या १,००० तिबेटींना घेण्याचं मान्य केलं. आज न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग आणि टोरंटोचा पार्कडेल इथे तिबेटींची मोठी वस्ती आहे. स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्येही त्यांची संख्या मोठी आहे.

यातले अनेक जण धरमशाला, मसुरी किंवा बायलाकुप्पेच्या शाळांत कुणाच्या तरी मासिक चेकवर शिकले. आता ते नर्स आहेत, टॅक्सी चालवतात, दुसऱ्यांची मुलं सांभाळतात, काही स्वतःचं दुकान चालवतात. माजी विद्यार्थ्यांच्या संघटना, गावकीच्या संघटना आणि वैयक्तिक पातळीवर ते पैसे पाठवतात. शिवाय निर्वासित प्रशासनाला दरवर्षी द्यायची ऐच्छिक वर्गणी असते, तिची नोंद 'ग्रीन बुक' नावाच्या पुस्तिकेत होते.

अनोळखी देणगीदार आणि समाजातला देणगीदार यांत फरक आहे. पहिल्याला फोटो आणि पत्र लागतं, कारण शाळेशी त्याचा तेवढाच दुवा असतो. दुसऱ्याला शाळेचं छप्पर कुठे गळतं हेही माहीत असतं. तो प्रश्न विचारू शकतो आणि हिशोब मागू शकतो. म्हणून हा पैसा रकमेने लहान असला तरी संस्थेला शिस्त लावतो.

मग पेच कुठे आहे?

निर्वासित प्रशासनाच्या २००९ च्या गणनेत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी होते. त्यानंतर ही संख्या बरीच घटली आहे. २००८ पूर्वी तिबेटमधून दरवर्षी दोन-तीन हजार लोक येत. त्या वर्षीच्या आंदोलनानंतर चीनने सीमा इतकी घट्ट केली की आता वर्षाला मोजकेच येतात. जन्मदरही उतरला. त्यामुळे पटसंख्या घसरली आणि काही शाळा एकमेकींत विलीन कराव्या लागल्या.

म्हणजे ज्या स्थलांतरामुळे नवे देणगीदार तयार झाले, त्याच स्थलांतराने वर्गही रिकामे केले. शिकलेला तरुण भारतात थांबत नाही याला कारणही आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तिबेटी माणूस इथे नोंदणी प्रमाणपत्रावर राहतो. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्यांना जन्माने नागरिकत्वाचा हक्क आहे, नंतर जन्मलेल्यांना तो आपोआप मिळत नाही. नागरिकत्व नसेल तर बहुतेक सरकारी नोकऱ्यांची दारं बंद. देणगीतून पदवी मिळते, पण पदवीनंतरची वाट बहुतेकदा विमानतळाकडे जाते.

दरडोई खर्चाचंही गणित बदलतं. मुलं निम्मी झाली म्हणून शिक्षक, इमारत आणि दवाखाना यांचा खर्च निम्मा होत नाही. 'एक मूल, एक प्रायोजक' या हिशोबाने येणारा पैसा मात्र मुलांबरोबर कमी होतो. म्हणून आता मुलाच्या नावाऐवजी शिक्षकांचा पगार, तिबेटी पाठ्यपुस्तकं आणि शिष्यवृत्ती निधी यांसाठी देणगी मागण्याची गरज वाढली आहे. पण अशा देणगीला चेहरा नसतो, त्यामुळे ती मिळवणं अवघड जातं.

भारतातला कायदा काय सांगतो?

परदेशातून येणाऱ्या देणगीला एफसीआरए कायदा लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. तो एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. मोठ्या संस्था हे सांभाळू शकतात. लहान वसतिगृहांना मात्र मोठ्या संस्थेमार्फत मिळणारी मदत बंद झाली.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनाही इथे एक फरक माहीत असायला हवा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने बँकेतून स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. ओसीआय कार्डधारकाची देणगी मात्र परदेशीच धरली जाते.

ज्यांच्याकडे असा परदेशस्थ समाज नाही, त्यांचं काय?

जगभरात शालेय वयाच्या निर्वासित मुलांपैकी जवळपास निम्मी शाळेबाहेर आहेत. भारतातल्या रोहिंग्या मुलांमागे शाळा, शिक्षक आणि देणगीदार यांची अशी साखळी नाही. शिक्षणहक्क कायदा 'प्रत्येक बालक' असा शब्द वापरतो, 'प्रत्येक नागरिक' असा नाही. तरीही रोहिंग्या मुलांच्या शाळाप्रवेशाचा प्रश्न फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलांनी शाळांकडे अर्ज करावा आणि प्रवेश नाकारला तर उच्च न्यायालयात जावं, असं न्यायालयाने सांगितलं.

तिबेटी शाळांना सुरुवातीला जमीन, मान्यता आणि शिक्षक मिळाले ते भारत सरकारच्या धोरणामुळे. देणगीने त्यावर घर बांधलं. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांचा पैसा हे घर दुरुस्त ठेवू शकतो. शिकून बाहेर पडलेल्या तरुणाला इथे काम आणि कागदपत्रं मिळतील की नाही, हे मात्र दिल्लीत ठरणार आहे.