वृद्धाश्रमाचा परवाना

गोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी दहा-पंधरा वृद्धांची सोय करू इच्छिणाऱ्या गृहस्थाने परवाना कोठे मागावा, याचे सरळ उत्तर कायद्यात नाही. धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी होते. पण ती घटनेची व हिशेबांची, म्हाताऱ्यांच्या अंथरुणाची नव्हे! २०१५ च्या बालन्याय कायद्याने बालगृहांस नोंदणी सक्तीची केली. आईबापांसाठी झालेल्या २००७ च्या कायद्यात खाजगी वृद्धाश्रमांना तशी सक्ती नाही. (आम्ही शिक्षकी पेशात असताना शाळेच्या मान्यतेसाठी वर्गाची लांबीरुंदीसुद्धा मोजली जात असे.) ही उणीव भरून काढू पाहणारे विधेयक २०१९ साली लोकसभेत आले आणि २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच संपुष्टात आले.

त्याच कायद्याचे १९ वे कलम दर जिल्ह्यात किमान दीडशे निर्धन वृद्धांसाठी सरकारी आश्रमाची भाषा करते. पण सरकार तो 'उभारू शकेल' एवढेच, 'उभारील' असे नव्हे. धानाच्या या मुलखातून तरुण कामासाठी नागपूर-रायपूरची वाट धरतात. मागे राहिलेल्या म्हातारीने खाजगी आश्रय घेतला, तर रात्री तिचा दम कोंडल्यावर डॉक्टर कोणी आणावा? तिच्या सातबाऱ्यावर आणि पासबुकावर कोणाचा हात पडत नाही ना, हे कोणी पाहावे?

राज्य सरकारने नोंदणीचा नियम अवश्य करावा. मात्र ती तालुक्यातच, एका अर्जावर व ठरल्या मुदतीत व्हावी; मुंबईचे खेटे घालावे लागले तर सज्जन माघार घेतील. आणि तपासनीसाने पूर्वसूचना न देता यावे, चालकाच्या आधी खाटेवरच्या वृद्धाशी बोलावे.