देवनागरी पत्ता कुठे अडतो

निजामाच्या हैदराबाद संस्थानाने 1869 मध्ये स्वतःची टपाल तिकिटे काढली. ती चालत फक्त संस्थानाच्या हद्दीत. आदिलाबादहून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडातल्या यवतमाळला पत्र धाडायचे, तर ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. दोन्ही काठांवर मराठी बोलली जाई, पण टपालखाती दोन होती. ही दुहेरी व्यवस्था 1950 मध्ये संपली.

देवनागरीत पत्ता असलेली ईमेल आज अशाच एका हद्दीवर अडते. ऑगस्ट 2014 मध्ये देवनागरीतले ‘.भारत’ हे डोमेन, म्हणजे पत्त्याच्या शेवटचे नाव, खुले झाले. तेलुगू लिपीतही त्याचे जुळे डोमेन आहे. आदिलाबादकडच्या जैनथ किंवा बेल्याचा कापूस उत्पादक यवतमाळशी मराठीत आणि हैदराबादच्या कार्यालयाशी तेलुगूत व्यवहार करतो. आपल्या लिपीतला पत्ता त्याला सोयीचा वाटणारच. मग तो सर्वत्र का चालत नाही?

कारण ईमेल पोचवण्याचे मूळ नियम 1982 चे आहेत. एसएमटीपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमसंचाने केवळ 128 चिन्हे गृहीत धरली: रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि काही नियंत्रण-खुणा. देवनागरीला त्यात जागाच नव्हती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मराठी मजकूर जुन्या सर्व्हरमधूनही, म्हणजे टपाल हाताळणाऱ्या जुन्या संगणकातूनही, सुखरूप जातो. 1992 मध्ये आलेल्या माइम पद्धतीने कोणत्याही लिपीतला मजकूर रोमन चिन्हांत गुंडाळून पाठवण्याची सोय केली. अडचण पाकिटाच्या आत नाही, पाकिटावर आहे.

पाकिटावरच्या पत्त्याचेही दोन भाग पडतात. @ नंतरचे डोमेन ठरावीक रीतीने रोमन अक्षरांत बदलता येते, त्यामुळे जुन्या यंत्रणेला ते पचते. @ आधीच्या नावाला तशी पळवाट नाही. त्या नावाचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त पत्र स्वीकारणाऱ्या सर्व्हरला आहे आणि मधल्या कोणी त्याला हात लावू नये, असा ईमेलचा जुना दंडक आहे. पोस्टमनने पाकिटावरचे नाव स्वतःच्या अंदाजाने बदलले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

तरीही 2008 च्या प्रायोगिक नियमांत वाटेतच पत्ता रोमन करून घेण्याची तरतूद होती. ती गुंतागुंतीची ठरली आणि 2012 च्या पक्क्या नियमांतून वगळली गेली. आता दोन सर्व्हर भेटतात तेव्हा पाठवणारा ‘एहलो’ म्हणतो आणि समोरचा आपल्याला काय काय येते त्याची यादी देतो. त्या यादीत ‘एसएमटीपी-यूटीएफ-8’ हा शब्द नसेल, तर देवनागरी पत्त्याचे पत्र पुढे जात नाही. ते पाठवणाऱ्याकडे परत येते, बहुधा 5.6.7 या त्रुटी क्रमांकासह. हे परत येणे चांगलेच म्हणायचे. पत्र मुकाट्याने गिळणारा सर्व्हर त्याहून वाईट.

फटका केवळ पत्र घेणाऱ्याच्या पत्त्याला बसत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता देवनागरी असला तरी जुना सर्व्हर अडतो. इतकेच काय, ‘प्रत रवाना’च्या रकान्यात एक देवनागरी पत्ता असला, तरी रोमन पत्त्यावर निघालेले ते पत्रही जुन्या सर्व्हरच्या दारातून मागे फिरते.

उपाय सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात आहे. पोस्टफिक्स या मोफत सर्व्हर प्रणालीत 2015 च्या 3.0 आवृत्तीपासून ही क्षमता आहे. जीमेल 2014 पासून अशी पत्रे घेते आणि पाठवते. पण आपला सर्व्हर सुधारला म्हणून समोरचा सुधारत नाही. म्हणून प्रत्येक देवनागरी पत्त्याला रोमन उपनाम जोडावे लागते: पेटी एक, पत्ते दोन. जुन्या सर्व्हरकडे पत्र जाताना सुरुवातीपासूनच रोमन पत्ता लावायचा. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या आणि जिवती तालुक्याच्या सीमेवरील वादग्रस्त गावांत लोक दोन राज्यांच्या दोन शिधापत्रिका बाळगत आले आहेत. त्यांना ही युक्ती शिकवावी लागणार नाही!

मराठीची म्हणून एक खास खोच आहे. ‘कऱ्हाडे’ या नावातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ‘ऱ’ला हलंत जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण सर्व्हरच्या लेखी ते दोन वेगळे पत्ते. अक्षरांची रूपे एकसारखी करणारी युनिकोडची नेहमीची प्रक्रियाही त्यांना एक करत नाही. म्हणून दोन्ही रूपे उपनामांच्या तक्त्यात हाताने भरलेली बरी. ही काळजी इंग्रजी मार्गदर्शिका वाचून सर्व्हर उभारणाऱ्याला सहसा सुचत नाही.

एवढे पाहिल्यावर असे वाटते की, देवनागरी पत्ते वाटण्याचे समारंभ आधी आणि ते स्वीकारण्याची तयारी नंतर, हा क्रम उलटा आहे. स्वतः एकही देवनागरी पत्ता न देणारे कार्यालयसुद्धा इतरांचे असे पत्ते स्वीकारू शकते, आणि तेच आधी व्हायला हवे. त्यात संकेतस्थळांवरचे अर्जही आले. @ आधी रोमन अक्षरच हवे असा हट्ट धरणारा रकाना सर्व्हरपर्यंत पोचण्याआधीच माणसाला परत पाठवतो. तपासणीला खर्च नाही. देवनागरी पत्त्यावरून कार्यालयाला एक पत्र पाठवायचे, तोच पत्ता त्यांच्या अर्जात भरायचा आणि काय परत येते ते पाहायचे.