‘ओसाड माळरान’ नावाची थाप

नॉर्वेजियन-अमेरिकन घराण्यांचे इतिहास वाचायचा मला नाद आहे. इथे मिनेसोटात ते पैशाला पासरी मिळतात. लायब्ररीत असतात, चर्चच्या तळघरात असतात, आणि ओळखीपाळखीच्या घरी स्पायरल बाइंडिंग करून कपाटात ठेवलेले असतात. साचा सगळ्यांचा एकच. पहिल्या प्रकरणात फ्योर्डच्या काठावरचं डोंगरउताराचं दरिद्री शेत. दुसऱ्यात जहाज, आजारपण, एखादं तान्हं मूल समुद्रात सोडलेलं. तिसऱ्यात ओसाड माळरान आणि त्यावर गवताळ मातीच्या ढेकळांनी रचलेलं घर. चौथ्यात टोळधाड आणि हिमवादळ. पाचव्यात नातवंडं डॉक्टर, प्राध्यापक झालेली. वाचताना गळा दाटून येतो, माझा तर हमखास!

माझं भांडण आहे ते तिसऱ्या प्रकरणाशी. खरं तर त्यातल्या ‘ओसाड’ या एका शब्दाशी.

गरिबी खोटी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नॉर्वेत लागवडीखाली येण्यासारखी जमीन जेमतेम तीन टक्के. एकोणिसाव्या शतकात लोकसंख्या दुपटीहून जास्त झाली, पण शेत थोरल्याकडे जाणार. धाकट्यांनी ‘हुस्मान’ व्हायचं, म्हणजे दुसऱ्याच्या शेताच्या कडेला झोपडी बांधून भाड्यापोटी त्याच्याकडे राबायचं. १८२५ च्या जुलैमध्ये स्टावांगरहून ‘रेस्टोरेशन’ नावाचं एक चिमुकलं गलबत ५२ माणसं घेऊन निघालं आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कला पोचलं तेव्हा माणसं ५३ होती, वाटेत एक मूल जन्मलं! त्यानंतरच्या शंभर वर्षांत ८ लाखांवर लोक गेले. त्या गलबताची प्रतिकृती २०२५ मध्ये, बरोबर दोनशे वर्षांनी, त्याच वाटेने न्यूयॉर्कला गेली. समारंभ झाले, भाषणं झाली. करावेतच. उपाशी पोटी समुद्र ओलांडणाऱ्यांचं कौतुक करायला माझी ना नाही.

पण गंमत बघा. या लोकांकडे ‘ओडेल’ नावाचा एक हक्क आहे. वडिलोपार्जित शेत परक्याला विकलं गेलं तरी घराण्यातल्या माणसाला ठराविक मुदतीत, किंमत मोजून ते परत मागता येतं. १८१४ च्या त्यांच्या राज्यघटनेत या हक्काला संरक्षण दिलेलं आहे. आडनावसुद्धा बहुतेकदा शेताचंच. दुसऱ्या शेतावर राहायला गेला की माणसाचं नावही बदलायचं. पूर्वजांची जमीन म्हणजे काय आणि ती सुटली की काय होतं, हे जगात ज्यांना सगळ्यात जास्त कळायला हवं होतं असे हे लोक. त्यांच्याच नातवंडांनी छापलेल्या पुस्तकांत मिनेसोटाची जमीन मात्र आदल्या दिवशीच आकाशातून पडल्यासारखी असते.

नॉर्वेच्या सरकारी दप्तरखान्याने चर्चच्या जन्ममृत्यूच्या वह्या, १८०१ आणि १८६५ ची जनगणना, सगळं इंटरनेटवर फुकट ठेवलं आहे. हौशी नातू त्यातून सतराव्या शतकापर्यंत मागे जातो. पणजोबाच्या पणजोबाकडे किती गायी होत्या हेही शोधतो. अमेरिकेतल्या जमिनीचा पहिला सरकारी कागद, ज्याला इथे ‘पेटंट’ म्हणतात, तोही भूमी विभागाच्या संकेतस्थळावर दहा मिनिटांत सापडतो. बस, तिथे शोध थांबतो. हार्डांगरमध्ये तीनशे वर्षं मागे जाणाऱ्या माणसाला मिनेसोटात त्या कागदाच्या मागे दहा वर्षंही जावंसं वाटत नाही. (आपले कुलवृत्तांत चाळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. इनाम कुणी दिलं ते असतं, शेत कोण कसत होतं ते नसतं.)

गेलं तर काय सापडतं? १८५१ चे दोन करार सापडतात. त्यांनी डाकोटा लोकांकडून सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन गेली आणि त्यांच्या वाट्याला मिनेसोटा नदीकाठची एक पट्टी उरली. १८५८ मध्ये तिचाही नदीच्या उत्तरेकडचा अर्धा भाग गेला. जमिनीच्या मोबदल्याचे वार्षिक हप्ते उशिरा यायचे, त्यातले बरेचसे व्यापारी उधारीपोटी परस्पर वळते करून घ्यायचे. १८६२ च्या उन्हाळ्यात हप्ता आलाच नाही. सरकारी कोठारात धान्य होतं आणि बाहेर माणसं उपाशी. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं.

या युद्धाची आठवण नॉर्वेजियन इतिहासांत गुरी एंड्रेसनच्या रूपाने येते. हार्डांगरची बाई, कँडियोही परगण्यात राहणारी. हल्ल्यात तिचा नवरा आणि एक मुलगा मारला गेला. तिने जखमी शेजाऱ्यांना बैलगाडीत घालून सुरक्षित ठिकाणी नेलं. विलक्षण धैर्याची बाई, यात शंकाच नाही. १९०७ मध्ये राज्याने विल्मरजवळ तिचं स्मारक उभारलं, ते योग्यच झालं. पण कँडियोही हा शब्दच मुळी डाकोटा भाषेतला! जागेचं नाव त्यांचं ठेवायचं, आणि गोष्टीत ते यायचे ते फक्त रात्री कुऱ्हाड घेऊन. आधी तिथे ते राहत होते, मासे धरत होते, मुलं वाढवत होते, हे कुठेच नाही.

पुढचं तर मी वाचलेल्या बहुतेक पुस्तकांत एका ओळीचंही नाही. सगळे डाकोटा काही लढले नव्हते, शिक्षा मात्र सगळ्यांना झाली. २६ डिसेंबर १८६२ ला मँकेटो गावात ३८ जणांना एकाच वेळी फासावर दिलं. सुमारे १६०० बायका, मुलं आणि म्हातारे फोर्ट स्नेलिंगच्या छावणीत हिवाळाभर कोंडले. १८६३ मध्ये कायदा करून त्यांना राज्याबाहेर काढलं. आणि ‘या, पाच वर्षं कसा, १६० एकर तुमचे’ असं सांगणारा होमस्टेड कायदा अंमलात आला कधी? १ जानेवारी १८६३. मँकेटोच्या फाशीनंतर सहा दिवसांनी. यात कारस्थान होतं असं मी म्हणत नाही, कायदा मे महिन्यातच झाला होता. पण कॅलेंडर तर बघाल?

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘ते बिचारे गरीब होते, त्यांना काय ठाऊक?’ मिनेसोटातून परागंदा झालेल्या डाकोटांपैकी काही जण उत्तरेला स्पिरिट लेकच्या राखीव प्रदेशात स्थिरावले. १९०४ मध्ये तोही बाहेरच्यांना खुला झाला. आणि आले कोण? पुन्हा स्कँडिनेव्हियनच! कॅरन हॅन्सन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ च्या पुस्तकात हा सगळा हिशेब मांडला आहे. १९२९ पर्यंत त्या राखीव प्रदेशात स्कँडिनेव्हियन लोकांची जमीन डाकोटांपेक्षा जास्त झाली होती. तिथे शेजार होता, एकमेकांची गरजही होती, कित्येक स्कँडिनेव्हियन डाकोटा मालकांची जमीन खंडाने कसत होते. म्हणजे मालक कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हॅन्सनबाईंची स्वतःची नॉर्वेजियन पणजी याच प्रदेशात जमीन घेणाऱ्यांत होती. बाईंनी पणजीला खलनायिका केलं नाही आणि देव्हाऱ्यातही बसवलं नाही. गरिबी लिहिली, आणि जमीन कुणाची गेली तेही लिहिलं. म्हणजे जमतं की हे!

मिनियापोलिसच्या पश्चिमेला माझं घर आहे, १८५१ च्या त्याच करारांतल्या जमिनीवर. महिन्याच्या महिन्याला हप्ता भरतो. तेव्हा मी कुठल्या उंचीवरून बोलतोय असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे, त्याच जमिनीवरून.

माझ्या एका सहकाऱ्याने आपल्या घराण्याची वही मला वाचायला दिली, आणि अभिप्राय मागितला. मी म्हटलं, तिसऱ्या प्रकरणाआधी एक पान घाल. कराराचं साल, जमिनीच्या मोबदल्यात ठरलेली रक्कम, त्यातली प्रत्यक्ष पोचली किती, आणि ज्यांची जमीन होती ते १८६३ नंतर कुठे गेले. तो म्हणाला, हा कौटुंबिक इतिहास आहे, राजकीय नाही. वहीच्या मुखपृष्ठावर त्या १६० एकरांचा सरकारी नकाशा छापलेला आहे.