ओला रस्ता, पुढचा ब्रेक आणि अर्धामुर्धा कायदा

पावसाच्या पहिल्या सरीनंतरचा अर्धा-पाऊण तास दुचाकीस्वारांसाठी विशेष धोक्याचा असतो. उन्हाळ्यात रस्त्यावर साचलेले ऑइल, डिझेल, टायरच्या रबराची भुकटी आणि धूळ यांचा पहिल्या पाण्याबरोबर एक बुळबुळीत लेप तयार होतो. तो धुऊन जाण्यास जोरदार पाऊस हवा. जूनच्या आरंभीची रिमझिम त्याला पुरत नाही. त्यात गुलमोहराच्या पाकळ्यांचा चिखल, रस्त्याच्या पातळीशी न जुळणारी चेंबरची लोखंडी झाकणे, झेब्रा पट्ट्यांचा गुळगुळीत रंग आणि चौकाचौकांत बसविलेले पेव्हर ब्लॉक यांची भर पडते. पुण्यासारख्या दुचाक्यांच्या शहरात अशा दिवशी एकाच वळणावर चार-पाच गाड्या लागोपाठ घसरल्याचे दृश्य कोणालाही नवे नाही. आपण ते पाहतो, हळहळतो आणि दोष पावसाला देऊन मोकळे होतो.

हा दोष पावसाचा किती आणि आपला किती, हे तपासण्याची वेळ मात्र आली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ जणांनी रस्ते अपघातांत प्राण गमावले. त्यांपैकी जवळपास ७५ हजार, म्हणजे सुमारे ४४ टक्के, दुचाकीवर होते. या पार्श्वभूमीवर जून २०२५ मध्ये मंत्रालयाने एक मसुदा अधिसूचना प्रसिद्ध केली. अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, अर्थात एबीएस, इंजिनाच्या क्षमतेचा भेद न करता जवळजवळ सर्वच नव्या दुचाक्यांना सक्तीची करावी आणि त्यासाठी १ जानेवारी २०२६ ही तारीख असावी, असा तो प्रस्ताव होता. गाडीची किंमत काही हजारांनी वाढेल, हा आक्षेप साहजिकच लगेच पुढे आला.

या वादाचे मूळ २०१८-१९ च्या नियमांत आहे. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या गाड्यांना ते लागू झाले. १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. त्याखालच्या गाड्यांना मात्र कम्बाइंड ब्रेकिंग सिस्टीम, म्हणजे सीबीएस, पुरेशी मानली गेली. या दोन्ही गोष्टी एकाच पंगतीतल्या आहेत, असा समज विक्रेत्यांपासून ग्राहकांपर्यंत सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. सीबीएस एका ब्रेकचा जोर दोन्ही चाकांत वाटते, एवढेच तिचे काम. चाक लॉक होऊ लागले तर ते थांबविण्याची कोणतीही सोय तिच्यात नाही. ओल्या रस्त्यावर जीव जातो तो नेमका चाक लॉक झाल्यामुळे. आणि देशात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य दुचाक्या १२५ सीसीपर्यंतच्याच आहेत. किंबहुना, ज्याच्या हाती सर्वांत साधी गाडी त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी संरक्षण, अशी ही व्यवस्था आहे.

फिरणारे चाक रस्त्याला धरून असते, घसरणारे चाक धरत नाही. पुढचे चाक घसरू लागले की हँडलचा ताबा आणि गाडीचा तोल दोन्ही एकदम जातात; सावरण्यास सेकंदाचा काही अंशच मिळतो. एबीएस चाकाची गती मोजत राहते आणि ते अडकू लागताच ब्रेकचा दाब क्षणभर सोडून पुन्हा लावते. हे एका सेकंदात अनेकदा घडते. त्या वेळी लिव्हर हाताखाली थरथरतो. अनुभव नसलेला चालक घाबरून नेमका तेव्हाच तो सोडून देतो. तो तसाच दाबून धरायचा असतो. याला मर्यादाही आहेत. अनेक गाड्यांत ही यंत्रणा फक्त पुढच्या चाकापुरती असते आणि वळणावर झुकलेल्या गाडीला साधे एबीएस वाचवीलच, असे नाही.

ज्यांच्या गाडीत ते नाही, त्यांचे काय? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच उपदेश चालत आला आहे : पुढचा ब्रेक मारू नकोस, कोलांटी खाशील. वडिलांनी मुलाला सांगावे, मुलाने धाकट्या भावाला. परिणामी असंख्य लोक आयुष्यभर केवळ मागच्या ब्रेकवर गाडी चालवतात. वस्तुतः ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे सरकतो. मागचे चाक हलके होते आणि थोड्याच दाबाने लॉक होऊन आडवे जाते. थांबविण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते, ओल्या रस्त्यावरदेखील. फरक इतकाच, की ओल्या रस्त्यावर ब्रेक हलका लागत असल्याने भार कमी सरकतो आणि मागच्या ब्रेकचा वाटा थोडा वाढतो. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत. पुढचा लिव्हर झटक्याने खेचू नये. आधी हलका दाब देऊन भार पुढे येऊ द्यावा आणि मग, लिंबू पिळावे तसा, दाब वाढवीत न्यावा. गाडी सरळ आणि हँडल सरळ असावे. पुढचे चाक घसरल्याचे जाणवताच दाब सोडावा आणि गाडी सावरताच पुन्हा द्यावा. वळणावर असाल, तर आधी गाडी उभी करावी, मग जोराने ब्रेक. पट्टा किंवा लोखंडी झाकण चाकाखाली असेल, तर तेवढे अंतर ब्रेक सैल ठेवून ओलांडावे. नजर खड्ड्यावर न ठेवता सुटकेच्या वाटेवर ठेवावी, कारण गाडी नजरेमागे जाते. साठलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रम ब्रेक काही काळ नीट धरत नाहीत; थोडे अंतर हलका ब्रेक लावून ते सुकवून घ्यावेत.

अर्थात कौशल्यालाही गणिताची सीमा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला १४ मीटर कापते. धोका दिसून हात ब्रेकवर पोहोचण्यास एक सेकंद धरला, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपते. त्यानंतर कोरड्या डांबरावर आणखी सुमारे १४ मीटर लागतात, तर ओल्यावर साधारण २५. म्हणजे एकूण ३९ मीटर. हाच वेग ३५ वर आणला, तर ओल्या रस्त्यावरही सगळे मिळून सुमारे २२ मीटरमध्ये भागते. झिजलेल्या टायरवर हा हिशेबही कोलमडतो. टायर गुळगुळीत होईपर्यंत वापरणे ही काटकसर नव्हे. पण महिनाअखेरीस ते डिलिव्हरी करणाऱ्या तरुणाला कोण सांगणार? वेळेत पोहोचण्यावर त्याची मिळकत अवलंबून आहे आणि वेग कमी करण्याचा सल्ला त्याला परवडत नाही. उपदेश करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरू नये.

एबीएस सरसकट सक्तीचे झाले, तरी ते नव्या गाड्यांपुरतेच राहणार. रस्त्यावर आज असलेल्या कोट्यवधी दुचाक्या आणखी दहा-पंधरा वर्षे धावतील. त्यांच्या बाबतीत प्रश्न यंत्राचा नसून प्रशिक्षणाचा आहे आणि तिथे कायदा अपुरा असण्यापेक्षा त्याची अंमलबजावणी पोकळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १५ मध्ये, आणीबाणीच्या प्रसंगी वाहन थांबविता येणे ही परवाना परीक्षेची एक कसोटी म्हणून नमूद आहे. प्रत्यक्षात दुचाकीची परीक्षा म्हणजे आरटीओच्या मैदानावर पाय न टेकता काढलेला आठाचा आकडा. तो कोरड्या जमिनीवर, पायी चालण्याच्या वेगाने काढला जातो आणि तेवढ्यात पुढच्या ब्रेकला हात लावण्याचा प्रसंगच येत नाही. उमेदवाराला परवाना मिळतो आणि जूनमध्ये तो रस्त्यावर येतो.